त्याला वाट कोण करून देतंय?

९ सप्टेंबर २०१८, रविवार. न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत आम्ही तिघं बसलो होतो. मी, आठ वर्षांचा ओजस आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले अण्णा. पाऊस भुरभुरत होता. ओजसच्या प्लास्टिकच्या रेनकोटाआडून त्याची नवी निळी जर्सी दिसत होती. पाठीवर २६ नंबर आणि नाव, बार्कली.

न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो मोसमातला पहिला सामना, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सशी. सेक्वॉन बार्कलीचाही तो पहिलाच. एकवीस वर्षांचा मुलगा, एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये देशभरातल्या पोरांतून दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. शेवटच्या क्वार्टरमध्ये चेंडू त्याच्या हातात आला, एकाच्या पकडीतून तो निसटला, दुसऱ्याला हुलकावणी दिली आणि समोर मोकळं रान दिसल्यावर असा सुटला की अडुसष्ट यार्डांवरची टचडाउनची रेषा ओलांडेपर्यंत कोणाचा हात त्याला लागला नाही. ओजस खुर्चीवर उभा राहून किंचाळत होता. मीही. शेजारचा पूर्णपणे अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला होता.

अण्णा बसूनच होते. आवाज ओसरल्यावर म्हणाले, "पोरगं वाघ हाय. पण त्याला वाट कोण करून देतंय?"

सामना जायंट्स २०-१५ असा हरले. घरी येऊन मी आकडे पाहिले. बार्कली अठरा वेळा चेंडू घेऊन धावला होता, एकूण १०६ यार्ड. त्यातली ती एक धाव ६८ यार्डांची. म्हणजे उरलेल्या सतरा धावांत मिळून ३८ यार्ड, प्रत्येक वेळी जेमतेम दोन पावलं पुढं. सतरा वेळा तो मुलगा भिंतीवर जाऊन आदळला होता, आणि अण्णांनी ते सतराही वेळा पाहिलं होतं. मी पाहिली होती ती एकच धाव.

अण्णा तरुणपणी कबड्डी खेळायचे, डाव्या कोपऱ्यावर. चढाई करणाऱ्याचं नाव होतं आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. पण कोपरारक्षकाची नजर कायम दुसरीकडं असते. कोण कुठं उभा आहे, साखळी कुठं ढिली पडलीय, फट कुठून पडणार. अमेरिकन फुटबॉलचा एकही नियम माहीत नसताना त्यांनी त्या दिवशी नेमकं तेच पाहिलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पुढं जायचे दोन मार्ग आहेत. क्वार्टरबॅक चेंडू लांब फेकतो, किंवा रनिंग बॅकच्या हातात देतो आणि तो गर्दीत शिरून धावतो. त्याच्या पुढं पाच दांडगे गडी उभे असतात, मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. दीड-दीडशे किलोची माणसं. सहसा चेंडूला त्यांचा हातही लागत नाही. समोरच्याला रेटून फट पाडणं हे त्यांचं काम. फट पडली तर धावणारा हिरो ठरतो. न पडली तर तोच मार खातो.

आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या पोरांची वर्षातून एकदा होणारी वाटणी. सात फेऱ्या होतात आणि आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ आधी निवडतो. जायंट्स २०१७ मध्ये सोळापैकी तेरा सामने हरले होते, म्हणून त्यांचा नंबर दुसरा. त्यांचा क्वार्टरबॅक एलाय मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा होता. पुढची पाच जणांची फळीही कमजोर. घराचं छप्पर गळतंय, भिंतींना ओल आलीय, आणि अशा वेळी हातात आलेल्या पैशातून कुणी शर्यतीचा बैल घ्यावा, तशी ती निवड होती. बैल अस्सल होता यात शंका नाही. मला तेव्हा फक्त बैलच दिसला.

माझं आजचं मत स्पष्ट आहे. त्या वेळी, त्या संघानं, त्या क्रमांकावर धावणारा निवडणं परवडणारं नव्हतं. बार्कली कमी पडला म्हणून मी हे म्हणत नाही. उलट तो पुरून उरला. पहिल्याच मोसमात त्यानं धावून आणि झेलून मिळून २०२८ यार्ड काढले, ९१ झेल घेतले, आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. एखाद्या निवडीकडून याहून जास्त काय मागणार? आणि तरीही त्या वर्षी जायंट्सनी पाच सामने जिंकले, अकरा हरले. पुढच्या वर्षी चार आणि बारा. अपेक्षेप्रमाणे सगळं घडूनही हाती काही लागत नसेल, तर चूक खेळाडूची नसते, मुळातल्या हिशोबाची असते.

तो हिशोब पैशाचाही आहे. २०११ पासून एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगमध्ये, नवोदितांचा पगार ड्राफ्टमधल्या क्रमांकावरून ठरतो, तो कुठल्या जागी खेळतो यावरून नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बार्कलीला चार वर्षांचे मिळून सुमारे ३१ दशलक्ष डॉलर. त्याच्यानंतर लगेच निवडल्या गेलेल्या क्वार्टरबॅक सॅम डार्नल्डला सुमारे ३० दशलक्ष. म्हणजे दोघंही वर्षाला साडेसात-आठ दशलक्षांच्या घरात. पण बाजारात त्या वर्षी मुरलेल्या क्वार्टरबॅकचा भाव वर्षाला ३० दशलक्षांच्या पुढं गेला होता, आणि सगळ्यात महाग रनिंग बॅक टॉड गर्लीचा नवा करार वर्षाला साडेचौदाच्या आत होता. नवोदित क्वार्टरबॅक चांगला निघाला तर संघाचे वर्षाला वीस-बावीस दशलक्ष वाचतात आणि त्या पैशात अख्खी फळी उभी राहते. रनिंग बॅक कितीही चांगला निघाला तरी वाचतात सहा-सात. ड्राफ्टमधली वरची निवड म्हणजे मुळात स्वस्तात मिळालेला काळ. तो अशा जागी खर्च करायचा जिथं बाजार महाग आहे. धावणारा बाजारात स्वस्त मिळतो, आणि पुढच्या फेऱ्यांमध्येही मिळतो.

हे शेवटचं वाक्य मी हवेत म्हणत नाही. टेरेल डेव्हिस १९९५ मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला आणि १९९८ मध्ये त्यानं २००८ यार्ड काढले. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये आयझाया पाचेको २५१ वा होता, आणि त्याच मोसमात तो कॅन्सस सिटीकडून सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, खेळला आणि जिंकला. उलट बाजूला पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला शेवटचा रनिंग बॅक की-जाना कार्टर, बार्कलीच्याच पेन स्टेट कॉलेजचा, १९९५ चा. मोसम सुरू होण्याआधीच्या सराव सामन्यात, तिसऱ्याच धावेला त्याचा गुडघा गेला. ट्रेंट रिचर्डसन २०१२ मध्ये तिसरा. दुसऱ्याच मोसमात क्लीव्हलंडनं त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. आम्ही पाहिलेल्या त्या पावसातल्या सामन्यात समोरच्या बाजूला लेनर्ड फोर्नेट होता, २०१७ चा चौथा. मांडीचा स्नायू धरून तो बाहेर गेला, त्याच्याशिवाय जॅग्वार्स जिंकले, आणि दोन वर्षांनी त्यांनी त्याला सोडून दिलं.

आता त्या एप्रिलच्या ड्राफ्टमधला मला सगळ्यात जास्त छळणारा भाग. दुसऱ्या फेरीत जायंट्सनी ३४ व्या क्रमांकावर विल हर्नांडेझ हा गार्ड घेतला. म्हणजे फळीची काळजी त्यांना नव्हती असं नाही. लगेच पुढचा, ३५ वा, क्लीव्हलंडनं घेतलेला निक चब. रनिंग बॅक. आणि पहिल्या फेरीत सहाव्या क्रमांकावर इंडियानापोलिसनं घेतला क्वेंटन नेल्सन. गार्ड. नेल्सन पहिली तिन्ही वर्षं लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात होता. चबनं २०१९ ते २०२२ सलग चार मोसम हजारावर यार्ड काढले. जायंट्सनी गार्ड आधी आणि धावणारा नंतर, एवढी अदलाबदल केली असती तर? इंडियानापोलिसकडं आधी तिसरा क्रमांक होता. तीन जागा खाली सरकायच्या बदल्यात त्यांनी न्यूयॉर्क जेट्स या संघाकडून दुसऱ्या फेरीच्या तीन निवडी घेतल्या आणि नेल्सनही मिळवला. दुसऱ्या क्रमांकाची किंमत त्याहून कमी कशी असेल?

झालं गेलं पाहून शहाणपण सांगणं सोपं असतं, हे मला कळतं. पण फळीचा प्रश्न तेव्हाही दिसत होता. अण्णांना तर वरच्या रांगेतून, पावसात, चष्म्यावर पाणी असताना दिसला.

२० सप्टेंबर २०२०. कोविडमुळं स्टेडियम रिकामं, शिकागोतला सामना, आम्ही घरी सोफ्यावर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बार्कली कडेला ढकलला गेला आणि उजवा गुडघा धरून पडून राहिला. ओजस दहा वर्षांचा होता. तो काही बोलला नाही. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला, जसं जवळ गेल्यावर जास्त नीट कळेल. गुडघ्यातला लिगामेंट फाटला होता. तो मोसम संपलाच, पुढचाही लंगडत गेला. २०२२ मध्ये तो परतला, १३१२ यार्ड काढले, संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, गेला.

आणि मग जे झालं त्यानं माझा प्रश्नच बदलला. तोवर मी संघाच्या बाजूनं हिशोब मांडत होतो. धावणाऱ्याच्या बाजूनं कधी मांडलाच नव्हता.

पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांचा. पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. त्यानंतर संघ त्याच्यावर फ्रँचाइझ टॅग लावू शकतो, म्हणजे आणखी एक वर्ष, ठरलेल्या दरानं. एकविसाव्या वर्षी आलेला मुलगा असा सत्तावीस वर्षांचा होतो. क्वार्टरबॅकचं सत्ताविसाव्या वर्षी उमेदीचं वय सुरू होतं. धावणाऱ्याला त्याच वयात लोक म्हातारा म्हणू लागतात. कॉलेजातून बाहेर पडताना त्याचे पाय सगळ्यात ताजे असतात, आणि त्याच वर्षांत त्याला आपली किंमत मागायची मुभा नसते. २०२३ मध्ये क्वार्टरबॅकचा टॅग होता ३२.४ दशलक्ष डॉलरचा, चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरचा १९.७ चा, रनिंग बॅकचा १०.१ चा. त्या मार्चमध्ये जायंट्सनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचे १६० दशलक्ष दिले. बार्कलीवर टॅग लावला. जुलैची मुदत उलटून गेली तरी लांब मुदतीचा करार झाला नाही, आणि तो एका वर्षाच्या करारावर खेळला.

मग वरच्या क्रमांकावर निवडलं जाणं म्हणजे त्या पोरासाठी काय? ताज्या पायांचे पैसे ताजेपणीच मिळण्याची ती त्याची जवळजवळ एकमेव संधी. निक चब बार्कलीहून कमी धावणारा नव्हता, पण दुसऱ्या फेरीत गेल्यामुळं त्याचा पहिला करार बार्कलीच्या चौथा हिस्साही नव्हता. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पिट्सबर्गला चबचा गुडघा फार वाईट पद्धतीनं मोडला. तेव्हा मी मनातल्या मनात माझंच जुनं वाक्य ऐकलं, धावणारा पुढच्या फेरीत स्वस्त मिळतो. ते खरं आहे. पण त्या स्वस्ताईची किंमत कोणीतरी गुडघ्यानं मोजतो, आणि तो संघ नसतो.

हे मी अण्णांना फोनवर सांगत होतो, तर त्यांनी लगेच पवन सेहरावतचं नाव काढलं. प्रो कबड्डीत २०२२ च्या लिलावात तमिळ थलैवाजनी त्याच्यावर २.२६ कोटी लावले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला, मोसम संपला. मग नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं चढायांचा भार उचलला आणि संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. मला वाटलं अण्णा म्हणणार, बघ, महागडा चढाईपटू घ्यायचाच नाही. पण ते म्हणाले, "पवनला लिलावात भाव तरी मिळाला. तुमच्या पोराला सा वर्षं बांधून ठेवलं. आधी सोडा, मग भाव ठरवा की."

मार्च २०२४ मध्ये बार्कली सुटला आणि फिलाडेल्फिया ईगल्सकडं गेला, तीन वर्षांसाठी ३७.७५ दशलक्ष. जायंट्सच्या चाहत्यांना फिलाडेल्फिया म्हणजे काय वाटतं हे इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या गल्लीत दोन जर्स्या त्या आठवड्यात कचऱ्याच्या डब्यावर पडलेल्या मी पाहिल्या. ओजसची जर्सी त्याला केव्हाच लहान झाली होती. त्यानं ती घडी करून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २० ऑक्टोबरला तो मेटलाइफवर परत आला, १७ वेळा धावला, १७६ यार्ड. सतरा हा आकडा पाहून मला २०१८ चा पाऊस आठवला, तेव्हाचे ते सतरा वेळा आणि अडतीस यार्ड. मोसमाअखेर त्याचे २००५ यार्ड झाले. एका मोसमात सर्वाधिक यार्ड धावण्याच्या एरिक डिकर्सनच्या १९८४ च्या विक्रमाला १०० कमी होते, शेवटचा सामना नेमका जायंट्सशीच होता, आणि प्लेऑफच्या आधी त्याला विश्रांती दिली गेली. मला ती विश्रांती फार आवडली. सहा वर्षं ज्याच्या पायांची कुणी पर्वा केली नव्हती, त्याच्या पायांना कुणीतरी जपलं.

पण पाय तर तेच होते ना, उलट सहा वर्षांनी जुने आणि एकदा शिवलेले. बदलली होती पुढची फळी. डावीकडून मैलाटा, लँडन डिकर्सन, जर्गन्स, बेक्टन, जॉन्सन. यातले दोघं मूळचे पहिल्या फेरीचे. त्यातला मेकाय बेक्टन दुसऱ्या संघात टॅकल म्हणून फसलेला, इथं त्याला गार्ड केला. दोघं दुसऱ्या फेरीचे. आणि जॉर्डन मैलाटा ऑस्ट्रेलियाचा, रग्बी खेळणारा, ड्राफ्ट होईपर्यंत आयुष्यात एकही फुटबॉल सामना न खेळलेला. त्याला ईगल्सनी सातव्या फेरीत घेतलं होतं आणि कित्येक वर्षं घडवलं. ईगल्सनी आधी रस्ता बांधला आणि मग त्यावर धावणारा आणला. डेट्रॉइटनंही २०२३ मध्ये जमीर गिब्जला बाराव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा पुढची फळी आधीच उभी होती, म्हणून ती निवड मला कधी महाग वाटली नाही.

ओजस याच्याशी सहमत नाही. तो आता हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे, शाळेच्या संघात रनिंग बॅक खेळतो. गुरुवारी सामना झाला की स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून मटारची गोठवलेली पिशवी खांद्यावर धरतो. खांद्यावर हेल्मेटच्या कडेचा अर्धगोल वळ उमटलेला असतो, आधी लाल, शनिवारपर्यंत जांभळा, मग कडेनं पिवळा. त्याची आई तो वळ रोज मोजल्यासारखी बघते. एकदा मी माझा सगळा हिशोब त्याच्यासमोर मांडला. नेल्सन, चब, टॅग, सगळं. पिशवी दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी पावसात तू खुर्चीवर चढला होतास. गार्डसाठी कुणी चढतं का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. ज्या संघाकडं दुसरं काहीच नाही, त्याच्या चाहत्याला रविवारी आशेनं स्टेडियमपर्यंत आणणं यालाही किंमत असेलच. जायंट्सच्या त्या सगळ्या हरलेल्या वर्षांत ओजसच्या मनात हा खेळ जिवंत ठेवला तो २६ नंबरनं. ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

९ फेब्रुवारी २०२५ ला न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल झाला. बार्कलीचा त्या दिवशी अठ्ठाविसावा वाढदिवस होता. कॅन्सस सिटीनं सगळा जोर त्याला अडवण्यावर लावला आणि अडवलंही. पंचवीस धावा आणि फक्त ५७ यार्ड. ईगल्स ४०-२२ जिंकले. इथं संध्याकाळचे साडेसहा म्हणजे सांगलीत सोमवारी पहाटेचे पाच, आणि अण्णा त्या वेळेला तसेही उठलेले असतात. शेवटाला मी व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीसमोर धरला. कागदाचे तुकडे उडत होते, बार्कली कुणाच्या तरी मिठीत होता.

"आज पोराला पळू दिलं न्हाई रे," अण्णा म्हणाले. "अन् तरी जिंकले?"

"सगळे त्याच्या मागं लागले, बाकीचे मोकळे सुटले."

"हं. आणि तो बाजूचा धिप्पाड गडी कोण? डाव्या कडेचा."

मैलाटा, मी म्हणालो. दोघं एकाच ड्राफ्टचे, अण्णा. २०१८ चे. बार्कली दुसरा, हा २३३ वा.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. पलीकडं आई चहाला हाक मारत होती. "जरा थांब," ते तिला म्हणाले, आणि मग मला, "त्या दोनशे तेहतिसाव्याचा एक चांगला फोटो पाठव मला. मोठा. अंगभर."